नोंदींचा मेळ आणि माणसांचा हक्क

शेतीविषयक शासकीय योजनांचा लाभ घ्यावयाचा असेल तर शेतकऱ्याजवळ स्वतंत्र ओळख क्रमांक असला पाहिजे, असा दंडक महाराष्ट्र शासनाने २०२५ पासून घातला आहे. केंद्राच्या 'ॲग्रिस्टॅक' उपक्रमातून आलेल्या या क्रमांकामागील सूत्र वरकरणी साधे आहे. सातबारावरील खातेदार आणि आधार क्रमांकाचा धारक ही एकच व्यक्ती आहे हे एकदा निश्चित करावयाचे आणि पुढे पीकविमा, नुकसानभरपाई, अनुदान हे सारे त्या एका क्रमांकाशी जोडावयाचे. या हेतूविषयी वाद असण्याचे कारण नाही. निरनिराळ्या कचेऱ्यांतील दप्तरे एकमेकांना अनोळखी राहिली की त्यांच्या फटींतून सरकारी पैसा गळतो, हे जालना जिल्ह्याला कोणी नव्याने सांगावयास नको. परंतु दोन दप्तरांतील दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? तो निर्णय चुकला तर तो दुरुस्त कोणी करावयाचा? या प्रश्नांची उत्तरे सूत्राइतकी साधी नाहीत. ती न शोधता नोंदी जुळवल्या गेल्या, तर कागद जुळतील आणि माणसे मात्र निसटतील.

नोंदींची जुळणी हा संगणक तज्ज्ञांचा तांत्रिक विषय आहे, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीवरून दाखला लिहून देणारा शिक्षक, बँकेतील कर्जखाते सातबाराशी ताडून पाहणारा लिपिक आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर आपले नाव तीन प्रकारे लिहावे लागणारा विद्यार्थी हे सारे याच कामात गुंतलेले आहेत. म्हणून या कामाचे नियम काय असावेत, याचा विचार तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

दोन प्रकारच्या चुका

जुळणीत चूक दोनच प्रकारे होऊ शकते. जे एक नाही ते एक मानले जाते, किंवा जे एक आहे ते वेगळे मानले जाते. पहिल्या चुकीमुळे भलत्याच्या पदरात लाभ पडतो. दुसरीमुळे हक्काचा माणूस वगळला जातो.

जालना जिल्ह्याने या दोन्ही चुका जवळून पाहिल्या आहेत. २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी आणि गारपिटीच्या अनुदानाचे जे वाटप झाले, त्यात अंबड व घनसावंगी तालुक्यांत कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचे चौकशीत आढळले. २०२५ मध्ये महसूल खात्यातील कर्मचारी निलंबित झाले आणि फौजदारी गुन्हाही नोंदवला गेला. ज्यांच्या नावावर जमीनच नाही अशांची नावे यादीत घुसवली गेली, असा यातील मुख्य आरोप आहे. व्यक्तिशः दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. तथापि या प्रकरणाने एक गोष्ट न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता स्पष्ट केली आहे. मदतीची यादी आणि अधिकार अभिलेख ही दोन दप्तरे एकमेकांशी खरोखर बांधलेली असती, तर सातबारा नसलेल्या माणसाचे नाव यादीत शिरलेच नसते.

दुसऱ्या चुकीचा अनुभव २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी आला. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्यांनी संगणकावर भरलेले अर्ज आणि बँकांनी पाठवलेल्या खातेदारांच्या याद्या यांचा मेळ बसेना. परिणामी अनेक पात्र शेतकरी महिनोन् महिने यादीची वाट पाहत राहिले. त्यांचे कर्ज खरे होते, जमीन खरी होती आणि तेही खरे होते. फक्त तिन्हींच्या नोंदी परस्परांना ओळखत नव्हत्या.

या दोन चुकांची किंमत सारखी नसते, ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे. अपात्र माणसाला गेलेला पैसा साऱ्या राज्याच्या तिजोरीवर विभागला जातो, आणि पुढे वसूलही होऊ शकतो. पात्र माणसाचे अनुदान अडले तर तो सारा भार एका घरावर आणि तोही नेमका पेरणीच्या तोंडावर पडतो. कापूस-सोयाबीनच्या बियाण्यासाठी त्याला सावकाराकडे जावे लागते. वर्षभराने नोंद दुरुस्त होऊन अनुदान आले, तरी मधल्या काळातील व्याज त्याला कोणी परत देत नाही.

शिवाय या चुकांचे अंकगणित फसवे आहे. समजा, एका यादीत एक लाख नावे आहेत आणि त्यांपैकी दोन हजार बनावट आहेत. बनावट नावांपैकी नव्वद टक्के पकडणारी आणि खऱ्या नावांपैकी केवळ पाच टक्क्यांवर चुकून बोट ठेवणारी एक चाळणी लावली. ऐकावयास ती उत्तम वाटते. प्रत्यक्षात ती १,८०० बनावट आणि ४,९०० खरी अशी ६,७०० नावे बाजूला काढील. म्हणजे 'संशयित' ठरलेल्या दर चार जणांपैकी जवळजवळ तिघे खरे असतील. म्हणून 'इतकी हजार नावे वगळली' हा आकडा शासनाने पराक्रम म्हणून सांगावा आणि वृत्तपत्रांनी तो तसाच छापावा, हे योग्य नाही. वगळलेल्यांत खरे किती होते, हा प्रश्न त्या आकड्याच्या पाठोपाठ विचारला गेलाच पाहिजे. झारखंडमध्ये आधारशी न जोडलेल्या शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाऊस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला. रद्द झालेल्या शिधापत्रिकांत प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली, खरीखुरी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती, असे त्यांच्या पाहणीत दिसून आले.

नाव म्हणजे ओळख नव्हे

जुळणीतील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एका गृहीतकात आहे. नाव म्हणजेच ओळख, असे आपले दप्तर मानून चालते. खेड्यातील नावाचा व्यवहार पाहिला की हे गृहीतक किती तकलादू आहे ते कळते. सातबारावर 'नामदेव किसन', बँकेच्या पुस्तकावर 'नामदेव किसनराव', मतदारयादीत 'नामदेव कृष्णा' आणि शिधापत्रिकेवर 'नामा' असे चार जण एकाच ओट्यावर बसलेले एकच गृहस्थ असू शकतात. उलट त्याच गावात त्याच आडनावाचे दोन नामदेव किसन असणेही मुळीच अशक्य नाही. देवनागरीतील नाव रोमन लिपीत गेले की आणखी फाटे फुटतात. 'ज्ञानेश्वर' हे एक नाव इंग्रजी अक्षरांत किती प्रकारे लिहिले जाते, हे कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावरून कळेल.

स्त्रियांच्या बाबतीत तर नाव बदलणे हा अपवाद नसून रीतच आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून सातबारावर लागलेले माहेरचे नाव, आधारवरील सासरचे नाव आणि घरात रूढ झालेले तिसरेच नाव या तिन्हींची सांगड घालणे तिला एकटीला जमत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. परंतु तो हक्क नोंदीतून नोंदीत जाताना नावाच्या फरकाशी अडला, तर कायद्याने दिलेले दप्तराने काढून घेतल्यासारखे होते.

जन्मतारखेचा आधार घ्यावा, तर तोही पुरेसा भक्कम नाही. शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून लिहून टाकावयाची, ही आपल्याकडील जुनी चाल. त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमांत बसणार नाही इतकी मोठी आहे. अशा दोन नोंदींत जन्मतारीख जुळली, तर त्या जुळण्याला फारशी किंमत देता येत नाही.

किंमत देण्याचा हा विचार नवा नाही. निरनिराळ्या कचेऱ्यांतील एकाच माणसाच्या नोंदी एकत्र आणण्याच्या कामाला १९४६ मध्ये हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्याने 'नोंदींची जोडणी' असे नाव दिले. कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, विरळा आडनाव जुळले तर तो भक्कम पुरावा असतो. सर्रास आढळणारे आडनाव जुळले तर तो क्षीण पुरावा असतो. मराठवाड्यात जाधव, शिंदे किंवा पवार एवढेच जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही, ही गोष्ट कोणताही अनुभवी लिपिक व्यवहाराने जाणतो. न्यूकोम्ब यांनी तिला गणिताची जोड दिली. त्याच देशातील आयव्हन फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ मध्ये या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. नोंदींच्या जोड्यांचे दोन गठ्ठे करून चालत नाही, तीन करावे लागतात, हे त्या सिद्धांताचे सार आहे. निश्चित जुळणाऱ्यांचा एक, निश्चित न जुळणाऱ्यांचा दुसरा, आणि ज्यांविषयी संशय आहे त्यांचा तिसरा. हा तिसरा गठ्ठा यंत्राने निकालात काढावयाचा नसतो. तो माणसाने, कागद समोर ठेवून तपासावयाचा असतो. आपल्या शासकीय याद्यांत नेमका हा तिसरा गठ्ठाच नसतो. संगणकाच्या पडद्यावर 'पात्र' आणि 'अपात्र' असे दोनच रकाने दिसतात, आणि ज्याच्याविषयी केवळ संशय आहे त्याला दुसऱ्या रकान्यात ढकलले जाते.

फसली साल आणि बदललेले गट

मराठवाड्यात या सर्वसाधारण अडचणीवर इतिहासाची आणखी एक पुटे चढलेली आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेथील महसुली दप्तर बव्हंशी उर्दूत, काही फार्सीत, तर गावपातळीवरील कागद पुष्कळदा मोडीत असत. कालगणना फसली सालाची होती. फसली सालात सुमारे ५९० मिळवले म्हणजे इसवी सन येतो. परंतु ते वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने एका फसली सालाचे दोन इसवी सनांत तुकडे पडतात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी जन्मला. तत्पूर्वी त्यातील बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडचा भाग परभणी जिल्ह्यात होता. औरंगाबादचेही नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जमिनीचे एकत्रीकरण झाले त्या गावांत सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. एकर-गुंठ्यांची जागा हेक्टर-आरने घेतली. म्हणजे एकाच बांधावर उभा असलेला एकच शेतकरी तीन पिढ्यांत गाव न सोडता तीन राज्यांत, दोन जिल्ह्यांत, दोन कालगणनांत आणि दोन मापांत नोंदला गेला आहे.

कुणबी नोंदींच्या शोधात हीच अडचण साऱ्या राज्याने पाहिली. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कुळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे असे असंख्य जुने कागद उघडले गेले आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना प्रथमच महत्त्व आले. आरक्षणाच्या धोरणाविषयी समाजात तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु नोंदीच्या दृष्टीने एक भेद सर्वच पक्षांनी ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या वहीत एक नोंद सापडणे ही एक गोष्ट. ती नोंद आज समोर उभ्या असलेल्या अर्जदाराच्या पूर्वजाचीच आहे हे ठरवणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. या दोहोंमधील पूल वंशावळीचा असतो. तो पूल कच्चा राहिला, तर ज्याचा हक्क नाही त्याला प्रमाणपत्र मिळते, किंवा ज्याचा आहे त्याचे पडताळणी समितीसमोर नाकारले जाते. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य करून गावपातळीवरील समितीकडे चौकशीचे काम दिले, तेव्हा या पुलाची पहिली तपासणी गावातील कर्मचाऱ्यांवर आली. समर्थक आणि विरोधक या दोघांचेही हित एकाच गोष्टीत आहे. प्रत्येक जुळणी कशाच्या आधारे केली, हे पुढे केव्हाही तपासता आले पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील धडा

मापे आणि काळ जुळत नसताना नोंदी जुळवल्या की काय होते, याचे अलीकडील ठळक उदाहरण आपल्याहून कितीतरी श्रीमंत आणि सुसज्ज देशाने घालून दिले आहे. ऑस्ट्रेलियात कल्याणकारी भत्ता पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. प्राप्तिकर खात्याकडे मात्र उत्पन्नाची नोंद वर्षाची असते. २०१६ मध्ये तेथील सरकारने ही दोन दप्तरे संगणकाने जोडली. वर्षाचे उत्पन्न सर्व पंधरवड्यांत सारखे वाटले आणि तेवढ्यावरून लक्षावधी नागरिकांना 'तुम्ही जादा भत्ता घेतला' अशा वसुलीच्या नोटिसा धाडल्या. जो सहा महिने बेकार होता आणि उरलेले सहा महिने नोकरीत होता, तो या हिशेबाने वर्षभर अर्ध्या पगारावर काम करणारा ठरला. आपण कर्जदार नाही, हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला गेला. पुढे ही पद्धत बेकायदेशीर असल्याचे सरकारला मान्य करावे लागले, पैसे परत करावे लागले, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने आपल्या अहवालात या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. दोन्ही दप्तरांतील नोंदी आपापल्या जागी बरोबर होत्या, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या जोडताना त्यांचा अर्थ बदलला गेला.

फेरफाराची शिस्त

या साऱ्यावर उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. तो आपल्या गावच्या चावडीत फार पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये अधिकार अभिलेखातील बदल कसा होतो, ते पाहावे. खरेदी, वारस, वाटणी असे काही घडले की सातबारावर थेट हात चालवता येत नाही. प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद लिहिली जाते. तिची प्रत चावडीवर लागते. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते आणि तिची सुनावणी होते. त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सातबारावरील जुने नाव पुसले जात नाही. त्याला कंस केला जातो, आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहिला जातो. पन्नास वर्षांनी आलेल्या माणसालाही कोणाचे नाव कधी गेले, कोणत्या कारणाने गेले आणि कोणाच्या सहीने गेले, हे उलगडून पाहता येते.

कंस करणे आणि पुसणे यांतील हा फरक म्हणजे नोंदींच्या शुद्धतेचा गाभाच होय. संगणकशास्त्राने हेच तत्त्व आपल्या परिभाषेत मांडले आहे. आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीची मांडणी परस्परसंबद्ध तक्त्यांत करण्याची कल्पना मांडली. त्यांचा एक मूलभूत नियम असा की, एका तक्त्यातील नोंद ज्या दुसऱ्या तक्त्यातील नोंदीचा हवाला देते, ती दुसरी नोंद अस्तित्वात असलीच पाहिजे. सोप्या मराठीत, ज्या खात्याचा आठ-अ नाही त्या खात्याचे नाव अनुदानाच्या यादीत शिरूच नये. हा नियम पाळणारी व्यवस्था लिपिकाच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहत नाही. ती अप्रामाणिक नोंद स्वीकारण्यासच नकार देते. अंबड-घनसावंगीत नेमका हा नकार कोठेही मिळाला नाही.

अर्थात जुने दप्तर आदर्श होते, असे मानण्याचे कारण नाही. अधिकार अभिलेखातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कायदा सांगतो. त्यामुळे चुकीच्या नोंदीलाही कायद्याचे बळ मिळते. उत्तर प्रदेशातील आझमगडचे लाल बिहारी महसुली कागदावर मृत ठरले, आणि आपण जिवंत असल्याची नोंद करून घेण्यासाठी त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. आपल्याकडे याच्या उलट प्रकार आहे. माणूस कधीच गेलेला असतो आणि सातबारावर मात्र तो नांदत असतो. महसूल खात्याने एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेऊन मृत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद करण्यास आरंभ केला, तो याच कारणाने. शेतकरी ओळख क्रमांकाच्या आधी हे काम पुरे होणे अगत्याचे होते. आजोबांच्या नावावरील जमीन नातवाच्या आधारशी कोणत्याही संगणकाला जुळवता येत नाही. दोहोंमधील वारसाचा फेरफार हाच तो दुवा आहे, आणि तो झाला नसेल तर ती चूक नातवाची एकट्याची नव्हे.

काय करता येईल

म्हणून मागणी एवढीच आहे की, दोन दप्तरांतील नोंदींची प्रत्येक जुळणी हा एक फेरफार मानला जावा. आज तसे होत नाही. सातबारावरील एक अक्षर बदलावयाचे तर नोटीस, हरकत आणि अपील आहे. परंतु त्याच शेतकऱ्याचे नाव लाभाच्या यादीतून काढावयाचे तर एक कळ दाबणे पुरते. मालमत्तेच्या नोंदीला जे संरक्षण आहे ते उपजीविकेच्या नोंदीला का असू नये?

ही शिस्त व्यवहारात आणणे अवघड नाही. प्रत्येक जुळणीला क्रमांक असावा. ती कोणत्या दोन नोंदींची, कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या अधिकाऱ्याने केली हे त्यासोबत लिहिलेले असावे. एकाचा परवलीचा शब्द दुसऱ्याने वापरणे हा केवळ शिस्तभंग न मानता दुसऱ्याची सही करण्याइतका गंभीर अपराध मानला जावा. मूळ दप्तरातील नाव दुसऱ्या दप्तराशी जुळावे म्हणून परस्पर बदलले जाऊ नये. सातबारावर 'किसन' असेल तर ते तसेच राहावे आणि 'कृष्णा म्हणजे हाच किसन' ही जोडणी स्वतंत्रपणे नोंदवावी. उद्या ती चुकीची ठरली तर जोडणी सुटेल, मूळ नोंद अबाधित राहील.

तिसऱ्या गठ्ठ्याला अधिकृत स्थान द्यावे. संशयित नोंदीला 'अपात्र' असे न म्हणता 'तपासणीस बाकी' असे म्हणावे. तिचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा आणि तोपर्यंत यापूर्वी मिळत असलेला लाभ बंद होऊ नये. नाव वगळण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी आणि तीत कारण साध्या मराठीत सांगावे. 'माहिती जुळत नाही' हे कारण नव्हे. कोणत्या कागदातील कोणती माहिती कोणत्या कागदाशी जुळत नाही, हे कळल्याशिवाय शेतकरी दुरुस्ती कशाची करणार? आणि याद्या ग्रामसभेत वाचल्या जाव्यात. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा यांतील तफावत शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली होती. जमीन नसलेल्या माणसाचे नाव मदतीच्या यादीत आहे आणि बांधाशेजारच्या विधवेचे नाही, हे गावाला पहिल्याच वाचनात कळते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, यात वेळ जाईल. वेळ जाईल हे खरे आहे. परंतु घाईने केलेल्या जुळणीच्या दुरुस्तीत जो वेळ जातो तो शासनाच्या हिशेबात धरला जात नाही, कारण तो शेतकऱ्याचा वेळ असतो. तहसीलच्या प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. ती एकत्र मोजली, तर सावकाश केलेली जुळणीच स्वस्त ठरेल. दुसरा आक्षेप असा की, इतकी मोकळीक दिली तर लबाडांचे फावेल. अनुभव याच्या उलट आहे. बनावट लाभार्थ्याजवळ सर्व कागद चोख जुळणारे असतात, कारण ते जुळावेत म्हणूनच तयार केलेले असतात. नावात काना-मात्रेचा फरक असतो तो बहुधा खऱ्या माणसाच्या कागदांत. म्हणून केवळ अक्षरांच्या जुळणीवर भिस्त ठेवणारी व्यवस्था लबाडाला सोयीची आणि साध्या माणसाला जाचक होते. तिच्या जागी कोणी, कशावरून आणि केव्हा जुळवले याचा माग ठेवणारी व्यवस्था आली, तर लबाडाला लपावयास जागा उरणार नाही.

मराठवाड्याने सप्टेंबर २०२५ मध्ये पुराचा तडाखा सोसला. अशी आपत्ती पुन्हा येणार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. ती येईल तेव्हा पंचनामे होतील, याद्या होतील, आणि या याद्या पूर्वीपेक्षा अधिक वेगाने होतील, कारण आता शेतकऱ्याला क्रमांक आहे. हा वेग हितकर ठरेल की घातक, हे त्या क्रमांकामागे कोणती शिस्त उभी आहे यावर अवलंबून राहील. जालना जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर महसूल, कृषी आणि बँका यांनी पुढील खरिपाच्या आत आपापल्या याद्यांतील 'तपासणीस बाकी' नोंदी गावनिहाय प्रसिद्ध कराव्यात आणि त्यांचा निकाल गावासमोर लावावा. फेरफाराची वही ज्या हातांनी दीडशे उंबऱ्यांच्या खेड्यात पिढ्यान् पिढ्या चालवली, त्या हातांना हे काम जमणार नाही, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्याकडून ते मागितले मात्र गेले पाहिजे.